घटवेल आणि राखून ठेवलेली हाक

एका राज्यात एके सकाळी मुंग्या आल्या नाहीत.

आता मुंग्या आल्या नाहीत ही काय दवंडी पिटण्यासारखी गोष्ट? पण त्या राज्याच्या राजवाड्यात एक जाळीमहाल होता आणि जाळीमहालात एक घटवेल होती. तिच्या पानापानाच्या टोकाला एक तणावा, तणाव्याच्या टोकाला एक घट, घटाला लालचुटूक ओठ आणि ओठावर झाकण. कोवळेपणी झाकण मिटलेलं असे. घट भरला, पिकला की ते आपलं आपण उघडे. मग ओठांवर मध पाझरे आणि तो चाटायला काळ्या मुंग्यांची रांग रोज सूर्याच्या आधी हजर होई. दीडशे वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. त्या सकाळी मात्र ओठ कोरडे होते आणि रांग नव्हती.

हे पाहिलं सोनकीनं, आणि पाहताक्षणी ती दचकली.

सोनकी दचकली यात नवल नाही. पाल चुकचुकली की ती दचके, भांडं पडलं की दचके. एकदा तर स्वतःच शिंकून दचकली होती. तशी ती शिकलेली. राजविद्यालयात छंदशास्त्रात पहिली आलेली, वेलीच्या स्तोत्रावर चाळीस पानांची टीका लिहिलेली. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की आवाज ओठांच्या आतच राही. आईवडील केव्हाच देवाघरी गेले होते. वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, जास्वंतीनं. जास्वंती वेलीची राखणदारीण. ती सोनकीला 'दचकू' म्हणे. त्या नावानं हाक मारणारं जगात ते एकच माणूस.

"ताई, मुंग्या आल्या नाहीत."

"सुट्टी असेल त्यांना."

"आणि पानांच्या कडा करपल्यात बघ."

"उन्हानं गं."

"ऊन कुठलं? वर छत आहे की सोन्याचं."

जास्वंती हसली. "दचकू, तुझ्या अंगावर सावलीसुद्धा विचारून पडते. सर बाजूला, नैवेद्याची वेळ झाली."

हा नैवेद्य नवा होता, एका वर्षाचा. त्याआधी स्तोत्र म्हणून झालं की वेलीकडे कोणी फारसं बघतही नसे. जुन्या वेताच्या टोपलीत ती आपली आपण वाढे; जाळीतून पाऊस झिरपे, तो पिई; वाट चुकलेलं पाखरू-कीटक घटात पडे, ते खाई. पण गेल्या चैत्रात महाराजांना ताप भरला. सात वैद्य हरले. शेवटी नुकत्याच उघडलेल्या घटातलं चमचाभर पाणी जिभेवर सोडलं आणि ताप उतरला. महाराजांनी नवस फेडायला घेतला. टोपली गेली, रुप्याची कुंडी आली. वेलीला ऊनपाऊस लागू नये म्हणून वर सोन्याचं छत चढलं. मुळांना बारवेचं गोड पाणी आणि खिल्लारी गाईंचं शेणखत. घटांच्या तोंडी रोज दूध, मध आणि केशरी खीर. आणि त्रिकाळ स्तोत्र. ते तर दीडशे वर्षं चालूच होतं, आता त्याला चौघडा लागला.

पुरोहितांनी सूर लावला. घंटा घणघणल्या. जास्वंतीनं तांब्या उचलला आणि सगळ्यांत मोठ्या घटात दूध ओतलं.

आणि जास्वंती नव्हती.

धूर झाला नाही, वीज पडली नाही, किंकाळी आली नाही. क्षणापूर्वी तिथे हिरव्या लुगड्यातली, लाल ठिपक्यांच्या पदराची बाई उभी होती. क्षणानंतर तांब्या तेवढा फरशीवर गरगर फिरत होता. फिरत राहिला, हळू झाला, आडवा झाला. पुरोहित डोळे मिटून गातच होते.

सोनकीनं वर पाहिलं. वेलीच्या एका पानाच्या टोकाला एक घट लोंबत होता, जो मघाशी नव्हता. माणसाच्या मुठीएवढा, हिरवा, लाल ठिपक्यांचा. झाकण घट्ट मिटलेलं.

त्या राज्याचा एक रिवाज होता. हाक आली की तिसऱ्या हाकेच्या आत ओ द्यायची. एकाच दिवसात तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर ते माणूस गेलं असं धरत. त्याच्या नावानं तीळपाणी सोडत, आणि मग ते परत आलं तरी त्याला दार उघडत नसत.

"ताई!" सोनकी ओरडली.

घट हलला नाही.

"ताई गं!"

कोणी ओ दिली नाही. तिसरी हाक गळ्याशी आली. सोनकीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि हाक गिळली. ती तिनं राखून ठेवली.

---

दरबार जाळीमहालातच भरला. सोनकीनं सांगितलं, थरथरत, अडखळत. महाराजांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"वेल रागावली. सेवेत उणीव राहिली," महाराज म्हणाले.

"नैवेद्य तिप्पट करावा, महाराज," प्रधानजी म्हणाले.

"तिप्पट करा."

मग मुदपाकखान्यातून आचारी धोंडभट हंडाभर खीर घेऊन आले. पोटानं मोठे, मनानं मऊ. "अगं पोरी, रडू नकोस. माझ्या हातची खीर खाऊन कोण रागात राहिलंय?" असं म्हणून त्यांनी पळीभर खीर घटात सोडली. आणि धोंडभट नव्हते. पळी खण्णकन पडली. वेलीवर एक ढेरपोट्या घट लोंबू लागला.

महाराज उठले. "नवस माझा. हात माझाच हवा."

"महाराज, नको," सोनकी म्हणाली. पण म्हणाली ती इतक्या हळू की शेजारच्या चोपदारालाही ऐकू गेलं नाही.

महाराजांनी सोन्याच्या वाटीतला मध घटाच्या ओठाला लावला. आणि महाराज नव्हते. त्यांची एक मोजडी तेवढी राहिली, उलटी पडलेली. वेलीवर तिसरा घट आला, मंदिलासारख्या पिवळ्या पट्ट्यांचा.

दरबार पळाला. राणीसाहेब खांबाला धरून उभ्या राहिल्या, पांढऱ्याफटक. आणि सोनकी तिथेच बसली, कारण तिचे पायच उचलेनात. 'मी मोठ्यानं बोलले असते तर' एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

इतक्यात जाळीवर कोणी तरी खुदकन हसलं.

सोनकी दचकली. जाळीत एक शिंजीर बसला होता. अंगठ्याएवढा पक्षी, जांभळा, झळझळीत, बाकदार चोचीचा. तोही मध प्यायला येणाऱ्यांपैकी.

"रोज गाता," शिंजीर म्हणाला, "कधी ऐकता का?"

"काय?"

"ते स्तोत्र. पाठ आहे ना तुला?"

"चाळीस पानी टीका लिहिलीये मी त्याच्यावर," सोनकी नाक ओढत म्हणाली.

"मग सांग, काय आहे त्यात?"

"ओवी आहे. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा तोकडा. तिसऱ्या चरणात..."

"पोरी, मी छंद नाही विचारला. अर्थ विचारला."

सोनकीनं नाक पुसलं आणि स्तोत्र आठवून पाहिलं.

दीडशे वर्षांत चालीवर चाली चढल्या होत्या. 'न' या एका अक्षराला घंटेचे पंधरा ठोके लागत. एक ओळ संपेस्तोवर मागची ओळ कोणाला आठवत नसे. सोनकीनं त्यातली अक्षरं मोजली होती, यती मोजले होते. नुसतं बोलून, जसं माणूस माणसाला काही सांगतं तसं, तिनं ते कधी म्हटलंच नव्हतं. आता म्हटलं.

*"न शिवे जे भूमीसी । ते जळ दे मुळांसी ।*
*न पोसे जी बीजासी । ती शेज घाली ॥*
*झाकण तिचे तीच उघडी । हात लावू नये घडीघडी ।*
*जो तिसी भरवी आवडी । तो पोटी जाय ॥"*

हे स्तोत्र नव्हतंच. धुक्याच्या बेटांवरून जी मांत्रिकीण दीडशे वर्षांपूर्वी ही वेल घेऊन आली, तिनं जाताना सांगून ठेवलेली वेलीची निगा होती. पाणी कसलं द्यावं, माती कसली असावी, काय करू नये. आणि न ऐकलं तर काय होईल, तेही शेवटच्या ओळीत साफ सांगितलेलं. वर्षभर वेलीनं सोसलं, आता सोसेना तेव्हा भरवणाऱ्यालाच गिळू लागली. सगळं राज्य रोज तीन वेळा तो इशारा चौघड्यावर गात होतं आणि गाता गाता वेलीच्या तोंडात खीर कोंबत होतं.

"मला पाठ होतं," सोनकी पुटपुटली. "ताईनं तांब्या उचलला तेव्हाही मला पाठ होतं!"

"पाठच होतं," शिंजीर म्हणाला. "आता ऊठ. वेल मेली तर घटातले तिघे तिच्याबरोबर जातील. तीन कामं आहेत. तिसरं सगळ्यांत अवघड."

---

राणीसाहेबांनी ऐकून घेतलं. प्रधानजींनी कानांवर हात ठेवले. "नैवेद्य बंद? छत काढायचं? राजवेल वेताच्या टोपलीत? हे पाप आहे!"

"प्रधानजी," राणीसाहेब म्हणाल्या, "पुण्य करता करता माझे महाराज गेले. आता थोडं पाप करून बघू." मग सोनकीकडे वळल्या. "वेलीवर किती हिरवी पानं उरलीत?"

"चार, राणीसाहेब."

"शेवटचं पिवळं पडेतो मुदत. त्यानंतर प्रधानजी म्हणतील तसं."

छत उतरलं. सोनकी निघाली.

पहिलं काम पाण्याचं. पाऊस दोन महिने दूर, आणि हवं होतं मातीला न शिवलेलं पाणी. विहिरीचं नको, नदीचं नको, बारवेचं तर नकोच. त्यात जमिनीचे क्षार उतरलेले, आणि त्यांनीच पानांच्या कडा जाळलेल्या. शिंजिरानं तिला धुक्याच्या खिंडीत नेलं. तिथे एक धुकेबाई राहत होती. ती उभी असली की पलीकडचं झाड दिसे.

"काय हवं?" धुकेबाईनं विचारलं.

"घडाभर तुम्ही."

"भीती वाटते?"

"वाटते."

"मग घे. न भिणारे सांडून ठेवतात."

सोनकीनं जास्वंतीचं नऊवारी लुगडं दोन झाडांमध्ये पसरून बांधलं. धुकेबाई त्याच्यातून सकाळभर येरझाऱ्या घालत राहिली. लुगडं ओलं झालं, जड झालं, टिपकू लागलं. सोनकीनं ते घड्यात पिळलं, पुन्हा पसरलं, पुन्हा पिळलं. घडा भरला. तो डोक्यावर घेऊन ती उतरू लागली. वाटेत तो भुईवर टेकवायचा नव्हता.

वाट बारवेवरून जात होती. बारवेत एक यक्ष राहत होता, आणि वर्षभर त्याच्या पाण्याचा जो मान चालला होता तो जाणार म्हणून तो चिडला होता.

"सोनकी!" बारवेतून हाक आली. आवाज जास्वंतीचा.

सोनकी इतकी दचकली की अर्धा घडा तिच्या खांद्यावर सांडला. पण तिनं ओ दिली नाही.

"सोनकी, मी आहे गं! ये, वाकून बघ!"

तिचे डोळे भरले. हाकेला ओ न देणं हे त्या राज्यात पाप, आणि बहिणीच्या हाकेला न देणं तर महापाप. तिसरी हाक आली, रडवेली, काकुळतीची. "सोनकी!"

सोनकी थांबली. मग चालू लागली.

"थांबली होतीस," शिंजीर म्हणाला.

"वाटलं, ताईच आहे. पण ताई मला सोनकी म्हणत नाही."

---

दुसरं काम शेजेचं. बी रुजत नाही अशी भुई हवी होती. सोनकीनं पुष्कळ विचार केला. ज्या मातीत कस आहे, खत आहे, तिच्यात बी रुजणारच. वेलीला तीच माती जड जात होती. नाजूक काळी मुळं शेणखतात कुजत होती. मग राहिलं काय? शिंजिरानं चोच धबधब्याकडे केली. तिथल्या जुन्या झाडांच्या खोडांवर लांबलांब, फिकट, मऊ शेवाळ वाढे. ओलं राही पण चिखल होत नसे, आणि त्यात काही म्हणता काही उगवत नसे.

त्या शेवाळाच्या ढिगावर एक अजगर निजला होता. तीनशे वर्षं निजला होता. त्यानं एक डोळा उघडला.

सोनकी झाडामागे गेली. मग झाडामागून म्हणाली, "क्षमा करा."

"माहीत आहे," अजगर म्हणाला. "खजिना हवा. माझ्या खाली सात रांजण आहेत. जो उचलील त्याचे हात दगडाचे होतील. शाप आहे. घे आणि हो दगड."

"खजिना नको. तुमचं अंथरूण हवं."

अजगरानं दुसराही डोळा उघडला. तीनशे वर्षांत तो पहिल्यांदा चकित झाला. "हे? हे कोणाचं पोट भरत नाही."

"म्हणूनच हवं."

अजगरानं बराच वेळ विचार केला. "मग मी निजू कशावर?"

सोनकीनं पिशवीत हात घातला. छंदशास्त्राची टीका ती नेहमी जवळ बाळगी. चाळीस पानं, जाड कागद, रेशमी बांधणी. तिनं ती उलगडून पसरली. अजगर तिच्यावर चढला, एक वेटोळं घातलं, दुसरं घातलं.

"झोप येते हिच्यावर," तो समाधानानं म्हणाला.

"परीक्षकही हेच म्हणाले होते," सोनकी म्हणाली आणि शेवाळाचा भारा उचलला. शेवाळ निघालं तिथे, खाली, सोनं लकाकत होतं. तिनं तिकडे पाहिलंही नाही. तिचा जीव चार पानांत अडकला होता.

परत आली तेव्हा दोनच पानं हिरवी होती.

सोनकीनं रुप्याची कुंडी आडवी केली. तिला तळाशी भोक नव्हतं. आत वर्षभराचं पाणी आणि खत नासून काळं झालं होतं. वास असा आला की प्रधानजी नाक धरून बाहेर गेले. तिनं बोटांनी चिखल सोडवला. मुळं केसासारखी बारीक, ओढली तर तुटणारी. म्हणून ओढलं नाही, धुक्याच्या पाण्यानं हळूहळू धुतलं. जुनी वेताची टोपली अडगळीतून आणली, तळाला कोळशाचे तुकडे घातले, वर शेवाळ, शेवाळात वेल. उरलेलं पाणी थोडं मुळांना, थोडं हवेत शिंपडायला. जाळीमहालाच्या चहूकडे ओली फडकी टांगली म्हणजे हवा दमट राहील. अर्धाच घडा उरला होता, तो पुरला. पुढे रोज पहाटे राजवाड्याच्या बायका खिंडीत लुगडी पसरू लागल्या.

"झालं?" राणीसाहेबांनी विचारलं.

"दोन झाली. तिसरं आता सुरू."

"ते काय आहे?"

"काही न करणं, राणीसाहेब."

---

आणि खरंच तेच सगळ्यांत अवघड होतं.

सोनकी घटवेलीसमोर बसली. तीन मिटलेले घट: एक हिरवा ठिपक्यांचा, एक ढेरपोट्या, एक पिवळ्या पट्ट्यांचा. दर घटकेला तिला वाटे, झाकण किंचित उचलून बघावं. नुसतं बोट लावून बघावं, गरम आहे का गार. तिचे हात आपोआप पुढे जात. मग ती स्वतःचे हात पदरानं मागे बांधून बसू लागली.

"अशी बांधून का बसलीस?" शिंजिरानं विचारलं.

"चोर आहेत हे. राखण करतेय."

रोज सकाळी ती हिरव्या घटासमोर उभी राही. "ताई!" मग थांबे. "ताई गं!" मग आणखी थांबे. तिसरी हाक मारत नसे.

सातव्या दिवशी एक पान पिवळं पडलं. एकच हिरवं उरलं. प्रधानजी तलवार घेऊन आले. "घट चिरून महाराजांना बाहेर काढतो." सोनकीच्या तोंडून शब्द फुटेना, ती नुसती मध्ये जाऊन उभी राहिली, आणि तिचे दात वाजत होते ते प्रधानजींना ऐकू आले. शिंजिरानं प्रधानजींच्या पगडीवर नको ते केलं. प्रधानजी पगडी बदलायला गेले.

चौदाव्या दिवशी राणीसाहेब आल्या. एकट्या. हातात केसांतला सोन्याचा आकडा.

"एवढंसं," राणीसाहेब म्हणाल्या. "केसभर झाकण उचलीन. ते श्वास घेतात का, एवढं बघीन आणि मिटीन."

"राणीसाहेब, नको."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

"मी तुमच्याच जागी आहे."

राणीसाहेबांचा हात पुढे झाला. आकड्याचं टोक पिवळ्या घटाच्या झाकणाला टेकलं. आणि सोनकी ओरडली.

"हात मागे!"

जाळीमहाल दणाणला. चौघड्यावाला दचकला, चोपदार दचकला, जाळीवरची पाखरं भुर्रकन उडाली. आणि सर्वांत जास्त दचकली सोनकी. असा आवाज आपल्यात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. राणीसाहेबांच्या हातून आकडा गळून पडला. एवढ्या मोठ्यानं त्यांच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. आता मुंडकं उडणार, असं मनाशी धरून सोनकी डोळे मिटून उभी राहिली.

पण राणीसाहेब तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "माझेही हात बांध," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघी हात बांधून बसू लागल्या.

अठराव्या दिवशी शेंड्याला पोपटी कोंब दिसला. विसाव्या दिवशी त्याचं पान झालं. आणि एकविसाव्या दिवशी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, ढेरपोट्या घटाचं झाकण आपलं आपण उघडलं. घट खाली वाकला आणि आचारी धोंडभट फरशीवर आले, नखशिखांत चिकट.

"खीर लागली का बुडाला?" त्यांनी पहिलं हे विचारलं.

मग पिवळा घट उघडला. महाराज बाहेर आले, एका पायात मोजडी. त्यांनी तीन शिंका दिल्या. राणीसाहेबांनी हाक मारली, "अहो!" आणि महाराजांनी पहिल्याच हाकेला ओ दिली. राणीसाहेब हसल्या आणि रडल्या. त्यांचे हात अजून बांधलेलेच होते. महाराजांनी ते सोडले.

महाराजांनी सगळं ऐकलं. आज्ञा झाली ती अशी: छत पुन्हा चढणार नाही. कुंडी वितळवून तिचे झारे होतील. नैवेद्य बंद. आणि स्तोत्र यापुढे चौघड्याविना, चालीविना, माणसानं माणसाला सांगावं तसं म्हटलं जाईल. पुरोहितांना वाईट वाटलं, पण त्यांनी मान डोलावली. बाहेर नगारे वाजले, साखर वाटली गेली. राज्याची घडी बसली.

हिरवा घट मात्र मिटलेलाच होता.

सोनकी त्याच्यासमोर उभी होती. बाहेरचा आनंद तिला लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा ऐकू येत होता. "सगळ्यांच्या आधी गेली ती," ती म्हणाली. "मग मागे का?"

"वर्षभर रोज तीन वेळा भरवलं तिनं," शिंजीर म्हणाला. "सर्वांत जास्त माया तिची. वेलीला ती पचवून बाहेर टाकायला वेळ लागणार."

"की ती..."

शिंजिरानं चोच पंखात खुपसली.

दुसऱ्या दिवशी प्रधानजी आले. नव्या पगडीत, पण या वेळी तलवार नव्हती. ते हळू बोलले. "पोरी, वेल टोपलीत लावून बावीस दिवस झाले. रोज दोनच हाका मारतेस, सगळा वाडा ऐकतो. तिसरी मार. ओ आली तर आली. नाही तर तीळपाणी सोडू, तुझा जीव तरी सुटेल."

"नाही मारणार."

"किती दिवस?"

सोनकी घटाकडे वळली. हाक तिच्या गळ्याशी होती, इतके दिवस जपलेली. ती मारली की संपणार. न मारली तर ताई मेलेलीही नाही आणि जिवंतही नाही, नुसती लोंबतेय. आणि आपणही. हे तिला आत्ता उमगलं.

तेव्हा तिच्या पायावरून काही तरी चाललं.

ती दचकली. खाली पाहिलं. मुंगी होती. एक काळी मुंगी, तिच्या अंगठ्यावरून चढली, उतरली, टोपलीकडे गेली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे रांग. जाळीच्या फटीतून, फरशीवरून, वेताच्या टोपलीवरून, वेलीच्या देठावरून, तणाव्यावरून रांग सरळ हिरव्या घटाकडे चालली होती. मिटलेल्या झाकणाच्या कडेला ओठाची बारीक लाल रेघ दिसत होती. रेघ ओली होती. चकाकत होती.

सोनकीनं आपल्या हातांचा पदर सोडवला. हात लावायला नाही; नुसते छातीशी धरायला. प्रधानजी दोन पावलं मागे सरले.

तिनं श्वास घेतला. दरबारात जो आवाज फुटला नव्हता, बारवेवर जो गिळला होता, राणीसाहेबांवर जो अवचित सुटला होता, तो सगळा तिनं गोळा केला.

"ताई!"

मुंग्यांची रांग थबकली. झाकण थरथरलं. एका बाजूनं सुटलं, केसभर, मग बोटभर, आणि आतून झोपेतून उठल्यासारखा, ओलसर, घोगरा, कोणाची तरी थट्टा करायच्या बेतात असलेला आवाज आला.

"ओ गं, दचकू."